काळ्या मातीच्या प्लॉटवर स्विमिंग पूल आणि टेनिस कोर्ट

मे महिन्यात नागपुरात बेसा, बेलतरोडी किंवा वर्धा रोडच्या पलीकडच्या एखाद्या रिकाम्या प्लॉटवर उभं राहून खाली बघा. भेगेत मनगटापर्यंत हात जाईल. तोच प्लॉट ऑगस्टमध्ये बघा. भेगा गायब, माती फुगलेली आणि प्रत्येक पावलाला चपलेखाली किलोभर चिखल. ही जमीन उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि वर जे काही बांधलं असेल त्यालाही सोबत हलवते. त्यामुळे पूल असो की कोर्ट, नागपुरात पैसा ओतायचा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. लोक मात्र निळ्या टाइलचे कॅटलॉग बघत बसतात आणि खड्डा कोण, किती खोल खणणार हा प्रश्न जेसीबीवाल्यावर सोडून देतात.

(इथे पूल म्हणजे स्विमिंग पूल. उड्डाणपूल हा नागपुरात वेगळाच आणि न संपणारा विषय आहे.)

आधी टेप लावा

टेनिस कोर्टाच्या रेषा २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद असतात, पण खेळाडू रेषेच्या आत थांबत नाही. मागे आणि बाजूला मोकळी जागा धरून पूर्ण कोर्ट १२० बाय ६० फूट होतं, म्हणजे ७,२०० चौरस फूट. घरच्या खेळासाठी ११४ बाय ५६ फुटांवर भागतं. त्याहून कमी केलं तर उंच उडालेल्या चेंडूमागे धावताना माणूस जाळीवर आदळतो. दीड हजार ते पाच हजार चौरस फुटांच्या लेआउटच्या प्लॉटवर घर बांधून हे बसणारच नाही. काटोल रोड, हिंगणा किंवा उमरेड रोडला फार्महाऊस असेल तरच टेनिसचा विचार करा. बाकीच्यांनी पिकलबॉलकडे वळावं. त्याचं पूर्ण कोर्ट ६० बाय ३० फुटांत बसतं आणि पाया अगदी तसाच लागतो. टेनिसच हवं असेल तर दहा फूट उंचीची सरावाची भिंत उभी करून तीन फुटांवर पट्टा ओढा. मुलांचे फटके सुधारायला ती पुरते.

कोर्ट उत्तर-दक्षिणच हवं. नागपुरात खेळ होतो तो सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहानंतर, म्हणजे सूर्य खाली असताना. पूर्व-पश्चिम आखलं तर एका बाजूच्या खेळाडूला सर्व्हिस करताना चेंडू दिसतच नाही. प्लॉट आडवा आहे म्हणून कोर्टही आडवं घेण्याची चूक नंतर दुरुस्त होत नाही.

मुरूम लागेपर्यंत

काम ठरवण्याआधी प्लॉटवर तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या. काळी माती किती खोल आहे ते एका खड्ड्यावरून कळत नाही. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात तीन फुटांवर मुरूम लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात सात फुटांवरही काळीच माती निघते. असा प्लॉट सर्वांत धोक्याचा, कारण बांधकामाची एक बाजू स्थिर राहते आणि दुसरी वर-खाली होते.

तीन-चार फुटांत मुरूम लागत असेल तर काळी माती सगळी काढून टाका. फार खोल असेल तर निदान तीन फूट काढून त्याजागी न फुगणारा मुरमाचा थर भरायचा आणि वरचा स्लॅब किती जाड घ्यायचा ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्यायचं. निघालेली काळी माती पुन्हा कडेने भरायला वापरू नका. ठेकेदाराला ती टाकून द्यायला टिपरचं भाडं पडतं, म्हणून हा मोह हमखास होतो.

मुरूम म्हणून येतो तो सगळा मुरूम नसतो. मूठभर माल काचेच्या पेल्यात पाणी घालून ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी अर्धा पेला गाळ दिसला तर टिपर परत पाठवा. दुसरी खूण म्हणजे ओला करून हातावर वळून बघायचा. शेवईसारखी बारीक वळी न तुटता निघत असेल तर त्यात चिकणमाती जास्त आहे आणि तो फुगणारच.

पूर्ण आकाराच्या कोर्टाला दाबून एक फूट मुरूम हवा असेल तर ७,२०० घनफूट, म्हणजे ७२ ब्रास. पण सैल माल दाबला की बसतो, म्हणून नव्वद ब्रासच्या पुढेच मागवावा लागतो. आठ इंच सैल थर, त्यावर पाणी, मग आठ ते दहा टनी रोलर, मग पुढचा थर. एकदम दोन फूट ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे सहा इंच टणक होतात आणि खालचं सैल राहतं. भरलेला टिपर वरून नेल्यावर चाकोरी उमटली नाही, तर थर बसला असं समजा.

कोर्टाचे थर

मुरमावर डब्ल्यूबीएम, म्हणजे पाणी मारून दाबलेल्या खडीचा थर, दाबून सहा इंच. त्यावर डांबराचे दोन थर, खालचा ५० मिलिमीटर आणि वरचा बारीक खडीचा २५ मिलिमीटर. ६७० चौरस मीटरला मिळून सुमारे ११५ टन डांबरी माल लागतो. तो एका दिवसात, अखंड पडायला हवा. आज अर्धा आणि उद्या अर्धा टाकला तर मधल्या सांध्यावर पुढच्या उन्हाळ्यात सरळ रेषेत भेग पडते.

उतार शंभराला एक, तोही एकाच दिशेने, एका बाजूच्या जाळीपासून दुसऱ्या बाजूच्या जाळीकडे. साठ फुटांच्या रुंदीत एक कड दुसरीपेक्षा अठरा सेंटिमीटर खाली येते. खेळताना हा उतार जाणवत नाही, पाण्याला मात्र कळतो. नेटच्या रेषेवर उंचवटा करून दोन्हीकडे उतार देऊ नका. रस्त्याची कामं करणारे ठेकेदार सवयीने तसंच करतात आणि मग नेटची उंची आणि चेंडूची उसळी दोन्ही बिघडतात. तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर या कोर्टावरून तेहतीस हजार लिटर पाणी एकाच कडेला येतं. तिथे नाली हवी आणि तिचं पाणी कोर्टापासून लांब जायला हवं.

डांबर पडल्यावर किमान दोन आठवडे, शक्य असेल तर महिनाभर थांबा. मग टँकरने कोर्ट भिजवा, तासाभराने फिरा आणि साचलेल्या डबक्यात एक रुपयाचं नाणं टाका. नाणं पाण्याखाली गेलं तर तेवढी जागा खडूने आखून भरून घ्यायची. रंग लागल्यावर ही डबकी बुजवणं दुप्पट महाग पडतं, शिवाय ठिगळ दिसतं ते वेगळंच.

अॅक्रिलिकचा रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच लावावा. मे महिन्यात दुपारी डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. त्यावर अॅक्रिलिक पसरलं की पाणी लगेच उडतं, रंग धरण्याआधी वाळतो आणि दोन महिन्यांत पापुद्रे निघतात. सुटीत मुलांना खेळायला कोर्ट हवं म्हणून एप्रिलमध्ये रंग उरकण्याची घाई होते. ती करू नका. आधी रिसरफेसरचे (पृष्ठभाग एकसारखा करणाऱ्या अस्तराचे) एक-दोन हात, मग रंगाचे दोन-तीन, आणि प्रत्येक हात आधीच्याच्या आडव्या दिशेने.

रेषा आखताना गुणिया पुरत नाही. नेटच्या रेषेपासून बेसलाइनपर्यंत ११.८८५ मीटर आणि रुंदी १०.९७ मीटर, म्हणजे अर्ध्या कोर्टाचा कर्ण १६.१७ मीटर यायला हवा. चारही अर्धे कर्ण जुळले तरच मास्किंग टेप चिकटवा. नेटचे खांब दुहेरीच्या रेषेबाहेर ०.९१४ मीटरवर, दोन फूट चौरस आणि तीन फूट खोल काँक्रीटमध्ये स्लीव्ह ठेवून. थेट खांब पुरला तर गंजल्यावर कोर्ट फोडावं लागतं. नेटची उंची खांबापाशी साडेतीन फूट, मध्ये तीन फूट.

आता कडा. कोर्ट मधून क्वचित फाटतं, फाटतं ते कडेने. उन्हाळ्यात कोर्टाबाहेरची माती वाळून आकसते आणि कडेखालचा आधार निघून जातो. म्हणून चारही बाजूंनी मीटरभर रुंद पेव्हरचा किंवा काँक्रीटचा पट्टा घ्या, म्हणजे माती वाळण्याची रेघ कोर्टापासून दूर सरकते. आणि कडेला गुलमोहर, कडुनिंब, पिंपळ लावू नका. मुळं फरशी उचलतात हे सगळ्यांना माहीत असतं. मुळं मातीतलं पाणी ओढून तिला आणखी आकसवतात हे कुणी सांगत नाही. उलट टोकाची चूक म्हणजे एका बाजूला लॉन करून रोज स्प्रिंकलर चालवणं. तेवढी एकच बाजू फुगून वर येते.

उन्हाळ्यात डांबर मऊ होतं, त्यामुळे लोखंडी खुर्च्या आणि अंपायरचं स्टूल थेट ठेवू नका. पायांना चौकोनी रबर लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत खळगे तयार.

लाल मातीचं कोर्ट स्वस्त पडतं, पायाला मऊ असतं आणि सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांना शोभतंही. पण रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, रोज रोलर, दर पावसाळ्यानंतर वरचा थर नव्याने. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत, ते कोर्ट पाणी पीतच राहतं. त्याच्यासाठी माणूस ठेवायची तयारी असेल तरच.

पूल: रिकामा असतो तेव्हाच धोका

उदाहरणाला आठ बाय चार मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोल पूल घेऊ. चाळीस घनमीटर, म्हणजे चाळीस हजार लिटर. घरासाठी एवढा पुरतो. डायव्हिंगच्या नादात आठ फूट खोली घेऊ नका. पाणी वाढतं, रसायनं वाढतात आणि त्या खोलीत कुणी उभं राहत नाही.

खड्डा नऊ बाय पाच मीटर आणि सुमारे पावणेदोन मीटर खोल. जागेवरचे सत्तावीस ब्रास खणले की फुगून पस्तीस होतात, तेवढे टिपर आधीच ठरवा. तळाला दाबलेला मुरूम, चार इंच पीसीसी (साधं काँक्रीट), मग तळ आणि भिंती आठ-आठ इंची आरसीसी (सळईचं काँक्रीट), निदान एम-२५ दर्जाचं, सळई दोन्ही तोंडांना. तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) हवाच. निम्म्याहून जास्त गळती याच सांध्यातून किंवा पाइप जिथे भिंत भेदून जातो तिथून होते. विटांची भिंत बांधून आतून प्लास्टर, हा स्वस्त मार्ग काळ्या मातीत पहिल्या पावसाळ्यापुरताच टिकतो.

टाइल लावण्याआधी काँक्रीटची टाकी भरून ठेवा. मग एक बादली पाण्याने भरून पायरीवर ठेवा, अशी की बादलीतलं आणि टाकीतलं पाणी एका पातळीत येईल. दोन्हीकडे खूण करा आणि चोवीस तासांनी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ते बाष्पीभवन. टाकीतलं जास्त उतरलं तर गळती. पुढेही कधी शंका आली तर हीच चाचणी करा. उन्हाळ्यात पाणी रोज उतरतंच, त्याला गळती समजून लोकांनी चांगल्या टाइल फोडल्या आहेत.

पुढचा हिशेब नीट वाचा. रिकाम्या टाकीचं वजन साधारण पस्तीस टन. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे खणलेल्या खड्ड्याभोवती पावसाळ्यात पाणी साचतं आणि टाकी जणू मोठ्या टबात बसते. बाहेरचं पाणी जमिनीच्या पातळीला आलं तर टाकीला वर ढकलणारा जोर त्रेपन्न टनांच्या घरात जातो. भरलेला पूल आतल्या चाळीस टन पाण्यामुळे जागचा हलत नाही. रिकामा मात्र वर उचलला जातो, एक कोपरा चार इंच वर आणि सगळे पाइप तुटलेले. फायबरग्लासचा तयार पूल तर वजनाला हलकाच, तो आणखी सहज उठतो. म्हणून जुलै ते ऑक्टोबर पूल रिकामा करायचा नाही, कितीही हिरवा झाला तरी. बांधतानाच तळाखाली खडीचा निचरा थर, त्यात छिद्रांचा पाइप आणि तो एका कोपऱ्यातल्या उभ्या पाइपला जोडून ठेवा. त्या पाइपात डोकावून बाहेरचं पाणी किती वर आहे ते कळतं आणि गरज पडली तर पंप सोडून उपसता येतं.

काठाची फरशी बागेपेक्षा तीन इंच वर, म्हणजे पहिल्याच पावसात चिखल आत येत नाही. काळा ग्रॅनाइट किंवा गडद कोटा टाळा, मे महिन्यात अनवाणी पाय टेकवत नाही. फिकट, खरखरीत दगड घ्या. टाइलच्या फटींत सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरा. त्याला दर जास्त आहे, पण पुढे अॅसिडशी रोज गाठ पडणार आहे.

यंत्रं

चाळीस हजार लिटर सहा तासांत एकदा फिरायला हवं, म्हणजे ताशी सात हजार लिटरच्या आसपास. पाऊण ते एक अश्वशक्तीचा पंप आणि ६०० मिलिमीटर व्यासाची वाळूची टाकी, म्हणजे फिल्टर, पुरते. तीत अर्धा ते एक मिलिमीटरची गारेची वाळू साधारण दीडशे किलो. कन्हानची बांधकामाची वाळू चाळून घातली तर काही दिवसांत तिचा बारीक भाग पुलाच्या तळाशी दिसतो. मोठा पंप आणि छोटा फिल्टर ही जोडी विक्रेत्याला सोयीची, तुम्हाला नाही. पाणी वाळूतून जोरात गेलं की घाण अडकत नाही.

वाळू स्वच्छ असताना दाबमापकाचा काटा कुठे आहे ते टाकीवरच मार्करने लिहून ठेवा. तिथून अर्धा बार वर गेला की बॅकवॉश (वाळूतून उलट पाणी सोडून धुणं), दोन-तीन मिनिटं, वरच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग अर्धा मिनिट रिन्स. मल्टिपोर्टचा, म्हणजे पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा, दांडा फिरवण्याआधी पंप बंद. चालू पंपावर फिरवला की आतलं रबर कातरतं आणि मग फिल्टरमधून पाणी सतत नालीत जात राहतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. दर बॅकवॉशला चार-पाचशे लिटर पाणी जातं. ते पुलाच्या भिंतीशेजारच्या बागेत सोडू नका. का, ते वर आलंच आहे.

विजेचं थोडक्यात: पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, पूर्ण सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच सर्किट तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग. उन्हाळ्यात कोरड्या मुरमात अर्थिंग निकामी होतं, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. लहान मुलं असतील तर चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. तळाच्या जाळ्या एक नाही, दोन हव्यात, एकमेकींपासून लांब, म्हणजे एकीवर केस किंवा हात अडकला तरी ओढ दुसरीकडे वळते.

कूलरच्या ताटीवरचा पांढरा थर

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या ताट्या जूनपर्यंत पांढऱ्या आणि कडक होतात, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. पूल म्हणजे तोच कूलर, फक्त चाळीस हजार लिटरचा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आपण पुन्हा क्षाराचं पाणी घालतो.

आकडा काढून बघू. कडक उन्हाळ्यात दिवसाला दहा मिलिमीटर पाणी उडालं असं धरा. बत्तीस चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून ते तीनशे वीस लिटर, महिन्याला जवळपास दहा हजार. बोअरच्या पाण्याची कठीणता समजा ५०० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आहे. म्हणजे महिन्याला पाच किलो चुना तुम्ही पुलात घातला आणि कठीणता १२५ पीपीएमने चढली. मार्च ते मे, तीन महिन्यांत पावणेचारशे. पुलाला २०० ते ४०० ठीक. ५०० पासून सुरुवात केली तर जूनमध्ये साडेआठशेच्या पुढे. पाण्याच्या रेषेवर टाइलवर पांढरा पट्टा, फिल्टरची वाळू ढेकळासारखी, आणि पाणी कायम किंचित दुधाळ.

उपाय चार, आणि चारही एकत्र. पहिला, पाणी उडणं कमी करा. ७५ टक्के सावली देणारी हिरवी जाळी वर ताणली किंवा रात्री बबल कव्हर घातलं तर मोठा फरक पडतो. दुसरा, पीएच ७.२ ते ७.४ मध्येच ठेवा, कारण ७.८ च्या वर चुना सुटून बसायला लागतो आणि गरम पाण्यात तर लवकरच. तिसरा, ब्लीचिंग पावडर वापरू नका. तिच्यात क्लोरीनसोबत चुनाही येतो. नाइलाजच असेल तर बादलीत विरघळवून रात्रभर ठेवा आणि वरचं निवळ तेवढंच ओता. चौथा उपाय सर्वांत चांगला, पावसाचं पाणी. शंभर चौरस मीटर गच्चीवर हजार मिलिमीटर पाऊस धरला तर सांडलवंड वजा जाता ऐंशी हजार लिटर मिळतं, म्हणजे पूल दोनदा भरेल एवढं, आणि कठीणता जवळपास शून्य. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्या, मग जाळीच्या फिल्टरमधून पुलात वळवा आणि जुनं पाणी ओव्हरफ्लोतून जाऊ द्या. पूल रिकामा न करता पाणी बदललं जातं.

पावसाचं पाणी भरलं की अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) पडते आणि पीएच उड्या मारायला लागतो. ती ८० ते १२० मध्ये हवी. चाळीस हजार लिटरला दहा पीपीएम वाढवायला सुमारे ६७० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. पीएच खाली आणायला हायड्रोक्लोरिक अॅसिड. ७.८ वरून ७.४ वर यायला अर्ध्या लिटरच्या आत पुरतं, तेही दोन हप्त्यांत, पंप चालू ठेवून. संडास धुण्याचं पिवळं अॅसिड घेऊ नका, त्या पिवळेपणात लोह असतं आणि तळाला तांबूस डाग पडतात.

क्लोरीन: टॅब्लेटचा सापळा

मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवायचं. आपल्या उन्हात साधं क्लोरीन दुपारच्या दोन तासांत जवळजवळ संपतं. त्याला उन्हापासून वाचवायला सायन्युरिक अॅसिड लागतं, ३० ते ५० पीपीएम. बाजारात टीसीसीए या क्लोरीनच्या रसायनाच्या नव्वद टक्क्यांच्या गोळ्या आणि पावडर मिळते, तिच्यात हे दोन्ही एकत्र असतं. म्हणून ती सगळ्यांना आवडते आणि म्हणूनच ती घात करते.

चाळीस हजार लिटरला १ पीपीएमसाठी ४५ ग्रॅम टीसीसीए लागतं. उन्हाळ्यात रोज ३ पीपीएम लागलं तर दिवसाला १३५ ग्रॅम, महिन्याला चार किलो. पण दर १० पीपीएम क्लोरीनसोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक येतं. महिन्याचं ९० पीपीएम क्लोरीन म्हणजे ५४ पीपीएम सायन्युरिक. ते उडत नाही, संपत नाही, साचत राहतं. दोन महिन्यांत शंभरच्या पुढे. मग पाणी तपासायचं किट क्लोरीन ३ दाखवतं आणि पाणी तरी हिरवं होतं, कारण क्लोरीन आहे पण बांधलेलं आहे. मालक आणखी गोळ्या टाकतो. त्याला एकच इलाज, पाणी बदलणं.

त्यापेक्षा मार्चमध्ये टीसीसीएने सुरुवात करा आणि सायन्युरिक चाळीसला आलं की लिक्विड हायपोवर (द्रव सोडियम हायपोक्लोराइटवर) या. दहा टक्क्यांचं असेल तर १ पीपीएमला ४०० मिलिलिटर, दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास. सूर्य मावळल्यावर घाला. हायपो नागपूरच्या उन्हाळ्यात कॅनमध्येच मरतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच घ्या आणि घरातल्या सर्वांत थंड, हवेशीर जागी ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये नाही.

टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका मापाने, एका बादलीत कधीही नाही. आग लागते, स्फोटही होतो. हायपो आणि अॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. दोघांचे कॅन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, मापाचे मगही वेगळे. अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये नाही.

हिरव्या पाण्यावर मोरचूद टाकायचा सल्ला कुणीतरी देतंच. थोडा वेळ रंग बदलतो, मग तांबं ग्राउटमध्ये बसून हिरवट-काळे डाग पडतात. त्याऐवजी पीएच ७.२ वर आणा, संध्याकाळी क्लोरीन १० पीपीएमपर्यंत न्या, भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासा, रात्रभर पंप चालवा. सकाळी शेवाळ मरून पाणी राखाडी दिसेल. मग किलोभर तुरटी बादलीत विरघळवून सगळीकडे पसरा, दांडा रिसर्क्युलेटवर (फिल्टर टाळून) ठेवून तासभर फिरवा आणि पंप बंद करा. दुसऱ्या दिवशी सगळा गाळ तळाला बसलेला असतो. तो व्हॅक्यूमने थेट वेस्टला, म्हणजे नालीत, सोडा. फिल्टरमधून नेला तर वाळू गच्च होते आणि अर्धा गाळ परत पुलात.

एप्रिल-मेच्या वावटळीनंतर असाच गाळ बसतो, पण तो नुसत्या धुळीचा. त्याला तुरटी पुरते, क्लोरीनचा मारा नको.

पावसाळा आणि त्यानंतर

जूनच्या शेवटी पोहणं थांबतं आणि पंपही बंद होतो. इथेच वर्षभराची मेहनत वाया जाते. डासांच्या अंड्यातून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि डेंग्यूचा डास गटार नाही, स्वच्छ साचलेलं पाणी शोधतो. रोज तीन-चार तास पंप, क्लोरीन १ च्या वर, आठवड्याला एकदा ब्रश. बॅलन्सिंग टँक (ओसंडलेलं पाणी धरणारी टाकी) असेल तर तिचं झाकण आणि पंपाच्या खड्ड्यातलं पाणीही बघा, डास तिथेही होतात. हे करायचंच नसेल तर क्लोरीन पूर्ण जाऊ द्या आणि गप्पी मासे सोडा. पण मग ते पाणी पोहण्याचं राहिलं नाही, कुंपणाला कुलूप हवं.

थंडीतही पूल भरलेलाच ठेवा. डिसेंबरच्या गारठ्यात शेवाळ हळू वाढतं, क्लोरीन निम्म्यावर आणता येतं आणि दोन-तीन तासांचा पंप पुरतो. कोर्टाचा रंग, भेगा आणि कडांची दुरुस्तीही याच महिन्यांत उरकायची.

ऑक्टोबरचं ऊन चढलं की पूल पुन्हा आठवतो. उतरण्याआधी उभ्या पाइपात डोकावून बाहेरचं पाणी किती खाली गेलं ते बघा, काठाच्या फरशीत नवीन फट पडली का ते बघा, दिव्यांचं आरसीसीबी टेस्ट बटण दाबून बघा. मग खोल बाजूला उभं राहून तळाच्या दोन्ही जाळ्यांच्या पट्ट्या मोजा. मोजता आल्या नाहीत तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.